दमयंतीबाईंच्या छज्ज्यावरची तीन वर्षं

मित्रांनो, घराच्या भिंतीबाहेर घरघरणारी पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. मी तशीच एक पेटी, एका जुन्या एसीचा बाहेरचा डबा. आतला माझा भाऊ खोलीत गारवा सोडतो, म्हणून कौतुक त्याच्या वाट्याला जातं. खोलीतली गरमी ओढून बाहेर टाकणं हे काम माझं. ती गरमी कुठे जाते, हे तीन वर्षं मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगू शकलो नाही. आज सांगतो, पण सांगताना लाज वाटते.

मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो आणि ट्रकातून रत्नागिरीला आलो. मांडवीजवळच्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर खुर्शीदभाभी एकट्या राहतात. त्यांना दम्याचा त्रास. मुलगा अक्रम कुवेतला नोकरीला. सुट्टीवर आला तेव्हा आईला उन्हाळ्यात धापा टाकताना त्याने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घरी आणलं. हेतू चांगलाच होता. तेवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

त्या इमारतीचा एक नियम होता. एसी लावण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्यायचा. बाहेरचा डबा गच्चीवर लोखंडी स्टँडवर ठेवायचा, कोणाच्या छज्ज्यावर नाही. पाण्याची नळी गटाराच्या पाइपात सोडायची. या नियमाचा कागद जिन्याखालच्या फळ्यावर लावलेला होता. अर्जावर विचार रविवारच्या सभेत होई, आणि अक्रमचं विमान शुक्रवारी होतं.

मिस्त्रीने सोपी जागा शोधली. खालच्या मजल्यावरच्या खिडकीचा छज्जा. वरच्या गॅलरीतून हात पोचत होता. तिथे लोखंडी पट्ट्या ठोकून त्याने मला बसवलं. समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. ठोकाठोक ऐकून सेक्रेटरी रावजी मास्तर वर आले. शाळेत अक्रमला त्यांनीच शिकवलेलं.

"अक्रम, अर्ज खंय रे?"

"मास्तर, परवा माझं विमान हाय. परत आलो की लिहून देतो. अम्मीला गरमी सोसत नाय ओ."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्शीदभाभींकडे पाहिलं. "बरं. पण विसरू नको हां," म्हणाले आणि जिना उतरून गेले. अक्रम विसरला. मास्तरांनीही पुन्हा विषय काढला नाही.

ती पहिली दोन वर्षं मी फार ऐटीत होतो. भाभींना दुपारी शांत झोप लागायची. औषधाचा पंप आठवडा आठवडा हातात घ्यावा लागत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "माझ्या लेकाने लावलाय. अल्ला त्याचं भलं करो." मला वाटायचं, हे पुण्य माझंच.

मी ज्या छज्ज्यावर बसलो होतो, त्याच्या खालची खिडकी दमयंतीबाईंची. त्यांचे यजमान हरिश्चंद्र अनेक वर्षं जहाजावर खलाशी होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते त्या खिडकीलगतच्या खाटेवर पडून असत. दोन इमारतींमधल्या त्या बोळातून समुद्राचा वारा येई. खोलीला दुसरी खिडकी नव्हती. मी फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत फिरायची आणि थेट त्यांच्या तोंडावर जायची. माझ्या नळीचं पाणी टपटपत त्यांच्या भिंतीवर पडायचं. तिथे हिरवट ओल चढली.

आधी दमयंतीबाईंनी ओला पडदा लावून पाहिला. मग दुपारी खिडकी बंद ठेवायला लागल्या. मग दिवसभर. मला ते सगळं दिसत होतं, पण वरून बटण दाबलं की मी चालू व्हायचो. खाली गरमी वाढे, वर गारवा वाढे. त्या वर जाऊन काही बोलल्या नाहीत. दोन्ही घरांत पंचवीस वर्षांचा घरोबा होता. ईदला शिरखुर्मा खाली येई, गणपतीत मोदक वर जात. असल्या नात्यात तक्रार कशी करायची, हे त्यांना कळत नसावं.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. दमयंतीबाई औषधं आणायला बाजारात गेल्या होत्या. खिडकी बंद, डोक्यावर पंखा गरम हवाच ढवळत होता. त्या परत आल्या तेव्हा हरिश्चंद्रांचं अंग तापलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, हाकेला ओ नाही.

"ओ, ऐकलंत? ओ!" त्यांची किंकाळी जिन्यापर्यंत गेली.

खुर्शीदभाभी धापा टाकत खाली आल्या. "वहिनी, खिडकी उघडा आधी! वारा येऊ दे!" त्यांनी स्वतःच कडी काढून खिडकी ढकलली. आणि माझ्या गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर बसला.

त्या मागे सरकल्या. "ही वाफ कुठली?" त्यांनी मान बाहेर काढून वर पाहिलं. मी घरघरत होतो. त्यांच्याच खोलीसाठी.

"वहिनी, किती दिवस हे असं?"

दमयंतीबाई नवऱ्याच्या कपाळावर ओला फडका ठेवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाभी, तुमचा दमा... आणि अक्रमने एवढ्या हौसेने लावलेला. कसं सांगू?"

"तीन वर्षं? तीन वर्षं मला सांगितलं नाय तुम्ही?"

मित्रांनो, मला त्या क्षणी बंद पडता आलं असतं तर पडलो असतो.

रावजी मास्तरांनी आणि शेजाऱ्यांनी हरिश्चंद्रांना चादरीत उचलून खाली नेलं, रिक्षातून दवाखान्यात पोचवलं. खुर्शीदभाभी वर गेल्या आणि माझं बटण बंद केलं. पुढचे पाच दिवस त्या उकाड्यात बसल्या. त्यांच्या छातीची घरघर मला भिंतीपलीकडून ऐकू येई. अक्रमचा फोन आला, "अम्मी, एसी लाव गो. मी आल्यावर बघतो सगळं."

"तू आल्यावर बघणार म्हणूनच हे झालं," त्या म्हणाल्या. "खाली माणूस पडलाय माझ्यामुळे. आता मीच बघते."

रविवारच्या सभेत त्या हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षं उशिरा आलेला अर्ज. त्यात परवानगीच्या आधी माफी लिहिली होती. वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. रावजी मास्तर उठले. "माफी एकट्या भाभींनी मागायची नाय. नियम मी फळ्यावर लावला आणि माणूस ओळखीचा निघाला तेव्हा गप्प बसलो. जिना उतरून दमयंतीबाईंचं दार वाजवलं असतं, तरी पुरलं असतं." सभेने अर्ज मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी सुजय नावाचा मिस्त्री मला काढायला आला. त्याने पट्टीला हात लावला तर खाऱ्या हवेने कुजलेला बोल्ट नुसत्या बोटांनी निघून आला. तो पांढरा पडला. "भाभी, अजून एक पावसाळा काढला असता तर हा डबा बोळात कोसळला असता. खालून पोरं शाळेत जातात ओ." म्हणजे त्रासाच्या जोडीला मी तीन वर्षं त्या पोरांच्या डोक्यावर संकट बनूनही टांगलेला होतो. मला हे ठाऊकही नव्हतं.

आता मी गच्चीवर आहे, मजबूत स्टँडवर. नळी गटारात सोडली आहे. माझी गरमी मोकळ्या आभाळात जाते.

हरिश्चंद्र घरी आले, त्या संध्याकाळी खुर्शीदभाभी भेटायला गेल्या. दमयंतीबाईंनी नंतर गच्चीवर कपडे वाळत घालताना मास्तरांच्या सुनेला सांगितलं, तेव्हा मला कळलं. भाभी खाटेजवळ बसल्या. हरिश्चंद्रांची जीभ जड. तरी बराच वेळ लावून तेच आधी बोलले.

"भाभी... तुमचा दमा... कसा हाय?"

भाभींनी पदर तोंडावर घेतला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एसी येईल. जरूर आणा. पण भिंतीला भोक पाडण्याआधी अर्ज लिहायला सांगा मोठ्यांना. आणि स्वतः एक काम करा. खालच्या, वरच्या, समोरच्या घरी जा आणि विचारा, "आमचा डबा इथे बसवला तर तुम्हाला त्रास होईल का?" सोसणारी माणसं आपणहून सांगत नाहीत.