अकराच्या आधी

साहेब, तुम्ही द्रिकाचं अंगण बघितलंत ते सकाळी आठला, गाडीतून न उतरता. आणि नगरपालिकेची नोटीस धाडलीत: फुलं बघायला पाहुणे येताहेत, दर्शनी भागातलं तण काढा, नाहीतर आम्ही काढू.

ते तण म्हणजेच फुलं होती. आमच्या नामाक्वा मुलखातली डेझी ऊन तापल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे इथल्या शेळ्यांनाही कळतं.

या गावात अंगण कसं, झाडून नुसती माती दिसावी. द्रिकानं मे महिन्यात झाडू कोपऱ्यात टाकला, तेव्हा आम्ही शेजारणी म्हणालो, म्हातारी आळसावली. तिनं ऐकून घेतलं. तांब्याच्या खाणीनं तिच्या नवऱ्याची, पेत्रुसची, फुप्फुसं खाल्ली होती. डोंगरावर जाणं त्याला आता जमणार नव्हतं, म्हणून तिनं डोंगरावरचं बी ओच्यातून आणून दारात फेकलं होतं. पुढच्या वर्षीचा, फुलांचा ऑगस्ट त्याला दिसेल असं नर्सबाई काही म्हणत नव्हती.

बुधवारी सकाळीच तुमचा कोबस गवत कापायचं यंत्र घेऊन आला. फाटकाजवळचा खाटेएवढा तुकडा सपाट झाला, तेवढ्यात द्रिका आडवी आली.

"कोबस, तुझ्या आईच्या लग्नात नाचलेय मी. अकरापर्यंत थांब."

"आंटी, मला तासावर पगार आहे."

"मग बसून तास भर. चहा टाकते."

तो बसला. पेत्रुसला खुर्चीत घालून दोघांनी दारात आणलं. आभाळ भरलेलं, फुलं मिटलेली. कोबी लावलायस की काय, असं पेत्रुसनं तिला विचारून घेतलं. मग ऊन आलं. एक नारिंगी फूल उघडलं, मग भिंतीपर्यंत सगळंच पेटलं. पण फुलं सूर्याकडे वळलेली आणि घराकडे त्यांची पाठ. पेत्रुसला नुसते देठ दिसत होते.

 कोबसनं खुर्चीसकट म्हातारा उचलला आणि फाटकाजवळ, त्यानंच कापलेल्या तुकड्यावर, घराकडे तोंड करून ठेवला.

पेत्रुस बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "द्रिका, ह्या सगळ्या माझ्याकडेच बघतायत गं. निदान केस तरी विंचरायचे होतेस."

तिनं बोटांनीच त्याचे केस सारखे केले.

कोबस यंत्र बंदच ठेवून परत गेला. जाताना म्हणाला, सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. फुलं अजून दोन आठवडे टिकतील. पेत्रुसचं सांगता येत नाही.

साहेब, सोमवारी माणूस पाठवणार आहात का? हो की नाही, तेवढं सांगा.