तेल घालू नका

माणूस असल्याचा दाखला आंधळ्या माणसाने चित्रं ओळखून द्यायचा, ही अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं, असं ठिणगी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होती. घरात तिला ठिणगी म्हणायचे ते काही उगाच नाही. पण या वेळचा राग स्वतःसाठी नव्हता, दादासाठी होता.

दादा तिचा थोरला भाऊ. जन्मापासून दिसत नाही, आणि सदतीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून देतोय. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाहेरची कामं कमी झाली. मग त्याचा दिवस जायचा तो पियानोवाल्यांच्या एका फोरमवर. कुणाची तार तुटते, कुणाची पट्टी अडकते, लोक विचारायचे आणि दादा सांगायचा. पडद्यावरचं त्याला कॉम्प्युटर वाचून दाखवतो. पुढे फोरमच्या मालकांना साइट देखणी करायची हौस आली, आणि जुनी खाती त्यात गेली. नव्या साइटवर तो वाचणारा आवाज बिचारा "बटण, चित्र, बटण, बटण" एवढंच बडबडत बसायचा. दादाने तीनदा कळवलं. उत्तर आलं की सूचनेबद्दल आभारी आहोत. डोंबल आभारी.

मग दादा आणि त्याच्यासारखेच न दिसणारे सहा-सात कारागीर आयआरसीवर गेले. आयआरसी म्हणजे इंटरनेटवरची जुन्या काळची गप्पांची खोली. तिथे चित्र नाही, बटण नाही, नुसती ओळीखाली ओळ, त्यामुळे वाचणाऱ्या आवाजाला काही अडत नाही. गप्पा झकास व्हायच्या. पण तिथे सगळेच जाणकार, प्रश्न विचारणार कोण? एकदा चहा पिता पिता दादा सहज म्हणाला, की हल्ली त्याला कुणी काही विचारत नाही. ठिणगीने कप खाली ठेवला तो तेव्हाच ठरवून.

ती बसच्या तिकिटांचे प्रोग्राम लिहिते, तेव्हा एखादा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, लिहिणं तिच्या हातचा मळ. फोरमवर नवा प्रश्न आला की बॉटने तो उचलून खोलीत आणायचा, खोलीत कुणी उत्तर दिलं की ते फोरमवर त्या प्रश्नाखाली नेऊन टाकायचं. दादाने त्याचं नाव ठेवलं निरोप्या. पहिल्या दिवशी निरोप्याने चांगलीच शोभा केली. फोरमवर स्वतःच टाकलेला निरोप त्याला नवाच वाटला, त्याने तो खोलीत आणला, खोलीतला पुन्हा फोरमवर नेला. दादाचा एक नमस्कार बघता बघता साठ वेळा झाला. खोलीतली मंडळी हसून हसून बेजार झाली. स्वतःचं लिहिलेलं ओळखायला तिने त्याला शिकवलं, आणि मग आठ महिने गाडं सुरळीत चाललं. "निरोप्या, दादांकडून" असं लिहिलेली दोनशे-अडीचशे उत्तरं फोरमवर गेली. वहिनी म्हणायची, नवरा पुन्हा माणसात आला.

आणि मग नियम आला: यंत्राने लिहिलेली उत्तरं चालणार नाहीत. नियम वाईट नव्हता. हल्ली कुणीही कुठल्याही यंत्राकडून चार परिच्छेद लिहून घेतं आणि वर शहाणपणा मिरवतं, हे ठिणगीलाही ठाऊक होतं. पण निरोप्या लिहीत कुठे होता? तो तर नुसता निरोप पोचवायचा. बुधवारी सकाळी फोरम चालवणाऱ्यांपैकी कुणीतरी सभासदांच्या यादीत "बॉट" हा शब्द पाहिला, निरोप्याचं खातं बंद केलं, त्याची सगळी उत्तरं पुसली, आणि मालकीण म्हणून ठिणगीचं खातंही बंद केलं. तिला हे कळलं गुरुवारी संध्याकाळी.

पुसलेल्यांत मंगळवारचं एक उत्तर होतं. एका शाळेच्या संगीताच्या बाईंनी विचारलं होतं, की शाळेच्या जुन्या पियानोच्या खुंट्या फिरवताना करकरतात आणि जड जातात, काय करू? फोरमवर पाच ताऱ्यांचा मान मिळवलेल्या एका सभासदाने बिनदिक्कत सल्ला दिला होता: दोन-दोन थेंब तेल घाला. दादाने खोलीतून लगेच लिहिलं होतं, तेल घालू नका. खुंटी लाकडात आवळून बसते म्हणून तार ताणलेली राहते, लाकडाने तेल प्यायलं की खुंटी पुन्हा धरणार नाही, मग जाड खुंटी ठोकून बघण्यावाचून उपाय नाही. ते उत्तर बाईंच्या नजरेस पडायच्या आत गेलं. राहिलं ते तेल. आणि खाली बाईंचं: धन्यवाद, शुक्रवारी घालते.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोरमच्या व्यवस्थापकाला फोन लावला. माणूस आवाजाने सभ्य होता, म्हणूनच जास्त संताप आला. तिने सगळं सांगितलं, तेलाचंही सांगितलं. तो म्हणाला, कुठला सल्ला बरोबर हे ठरवणारे आम्ही कोण, नियम सगळ्यांना सारखे, तुमच्या भावाने स्वतः खातं उघडावं, मिनिटाचं काम आहे.

शुक्रवारी तिने रजा टाकली आणि नऊ वाजता दादाच्या घरी थडकली. अर्ज भरला. शेवटी नेहमीचं आडवं आलं: तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, ज्या चौकटींत सिग्नल दिसतात त्या निवडा. वहिनी हात पुसत पुढे झाली. म्हणाली, सरका, मी मारते टिचकी.

"नको," दादा म्हणाला. "मी माणूस आहे हे सांगायला बायकोला पुढे करू होय? ऐकण्याची सोय असेल ना, ती लाव."

सोय होती. खरखर, घरघर, मागे कुणी बडबडतंय, आणि त्या गदारोळात पाच शब्द. ते ओळखून लिहायचे. ठिणगीला दोन कळले. दादाने पाचही लिहिले, आवाज संपायच्या आत. साइटने पुन्हा पाच दिले. ते बरोबर. पुन्हा पाच, तेही बरोबर. मग पडद्यावर आलं: तुमच्याकडून यंत्रासारखी हालचाल आढळली आहे, एका तासाने प्रयत्न करा.

 ज्या कानांवर या माणसाने सदतीस वर्षं घर चालवलं, ते कान माणसाचे असूच शकत नाहीत असा या भिकार साइटचा निकाल. ठिणगीने टेबलावर हात आपटला. वहिनीने पुन्हा विचारलं, मारू का टिचकी? दादाने नकाराची मान हलवली. त्याचंही आता डोकं फिरलं होतं. दहा वाजून गेल्यावर पुन्हा बसला, पुन्हा सगळे शब्द बरोबर, पुन्हा एक तास.

साडेअकराला तिसऱ्यांदा आवाज लागला. ठिणगी हलकेच म्हणाली, "दादा, एखादा चुकीचा लिही."

त्याची बोटं थांबली. दुसऱ्याच्या पियानोतला केसाइतका खोटा सूरही त्याला कधी सोडवला नव्हता, दिवाणखान्यात पाहुणे खोळंबले तरी. चार शब्द त्याने भरभर लिहिले. पाचवा नीट ऐकला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो त्याने चुकवला, आणि दुसऱ्या खेपेला आणखी एक चुकवला. साइटने त्याचं स्वागत केलं.

नव्या खात्याच्या नावाखाली लिहून आलं: नवीन सभासद, उत्तरे शून्य. ठिणगीने पान उघडून जागा दाखवली, दादाने तेच पुन्हा लिहिलं, तेल घालू नका. सहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं. वाचणाऱ्या आवाजाने ते त्याच्या त्या सपाट सुरात म्हटलं: अकरा वाजता सगळ्या खुंट्यांना घातलं हो. मंगळवारपासून विचारते आहे. हे आधी कुणी का सांगितलं नाही?

ठिणगीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मंगळवारची नोंद तिच्याकडे होती, वेळेसकट, उत्तर कुणी पुसलं त्यासकट. त्या व्यवस्थापकाला, त्या पाच ताऱ्यांवाल्याला, सगळ्यांना चव्हाट्यावर मांडायचं होतं तिला. दादाने कीबोर्ड परत घेतला आणि लिहिलं: माझी चूक झाली, मला उशीर झाला. पियानो आता वाजवू नका, मी येऊन बघतो, शाळा कुठे आहे?

"तुझी चूक?" ती ओरडली. "त्या लोकांनी तुझं पुसलं, तुला यंत्र ठरवलं, आणि माफी तू मागतोस?"

"त्यांचं काय ते तू लिही, सोडू नकोस," दादा म्हणाला. "पण तुझी वहिनी नऊ वाजता टिचकी मारत होती. मीच अडून बसलो."

 वहिनीने कपाटातून त्याची सूर लावायची किल्ली काढली, जाड खुंट्यांची पुडी काढली, आणि दोन्ही पिशवीत भरायला घेतली.