नवा भात

विद्यापीठ नागपुरात, कॉलेज चंद्रपुरात आणि सुकलू कुमरेचं गाव कुरखेड्याच्याही पलीकडे, एस.टी. जिथून माघारी वळते तिथून पुढे पायी. गावातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. त्याला तिथे धरून ठेवलं होतं ते वसतिगृहातल्या एका खाटेने. भाड्याने खोली घ्यायची घरची ऐपत नव्हती. खाट गेली की कॉलेज गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वसतिगृह म्हणजे काही राजवाडा नव्हता. नळाला पाणी आलं तर यायचं, न्हाणीघरांना कड्या नव्हत्या, आणि खिडकी उघडी राहिली तर पुस्तकांवर कोळशाची काजळी बसायची. माहितीपत्रकात मात्र 'सर्व सोयींनी युक्त' असं ठसठशीत छापलं होतं. छापायला काय जातं! तरी सुकलूला खोलीतल्या ट्यूबलाइटचं भारी अप्रूप. तिच्याखाली तो इतिहास वाचत बसे, आणि शेजारच्या खाटेवरचा हरिदास त्याला अडलेलं समजावून सांगे. हरिदास आरमोरीचा, एक वर्ष पुढे, तोंडाने फटकळ पण मनाने मोकळा.

दसरा झाला आणि मेस चालवणाऱ्या पत्रूभाऊंनी नव्या धानाचा तांदूळ आणला. ताट पुढे येताच सुकलूला वासावरूनच कळलं. तोंडाला पाणी सुटलं, पण हात काही पुढे होईना. त्याच्या गावात नवं धान आधी देवाला देतात. गायता, म्हणजे गावचा पुजारी, तो दिवस ठरवतो, आणि तोवर नव्याचं शीतही कोणी तोंडात घालत नाही. यंदा तो दिवस होऊन गेला की व्हायचा होता, हे चंद्रपुरात बसून कळायला मार्ग नव्हता. त्याने ताट हळूच बाजूला सारलं आणि पाणी पिऊन उठला.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी भात-वरणच असायचं, तेव्हा तो रात्रीच्या पोळ्यांवर दिवस काढू लागला. मेसमध्ये अशी गोष्ट झाकून राहते होय? 'भातात काहीतरी आहे' असं कोणीतरी कुजबुजलं, आणि त्या कुजबुजीला पाय फुटले. कोणाचं पोट दुखलं, कोणाला मळमळलं. शिळ्या भाजीवरून पोरं आधीच धुमसत होती. एका सकाळी ताटं अंगणात भिरकावली गेली, पातेली उलटली, पत्रूभाऊंच्या कपाळाला खोक पडली. सुकलू दारात उभा राहून मातीत सांडलेला नवा भात बघत राहिला. त्याला रडू कोसळलं.

चौकशी बसली. पहिलं ताट कोणी सारलं, असं विचारताच सगळ्यांची बोटं सुकलूकडे वळली.

"सोपं हाय," हरिदास त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "भातात अळ्या होत्या म्हून सांग. आमी सारे तेच सांगून राह्यलो. तू बी सुटशीन, आमी बी सुटू."

"पन अळ्या नव्हत्या ना."

"ते मले मालूम नाई का? पत्रूभाऊ का लय साधू हाय? सडकी भाजी खाऊ घालते. एक झूठ बोललास तं काय होते?"

"नव्या धानाले सडकं म्हनू? देवाच्या पयले?" सुकलू म्हणाला. "माह्या तोंडून नाई निंगत."

"देव!" हरिदास उसळला. त्याच्या घरचे देव आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच गेले होते. "तुया देव येते का खाट वाचवाले?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू इथी टिकला पायजे ना बाबू. म्हून सांगून राह्यलो."

रेक्टरांच्या खोलीत त्यांच्यासोबत तिघे प्राध्यापक बसले होते.

"भातात काय होतं?"

"काई नाई साहेब. चांगला होता."

"मग खाल्ला का नाहीस?"

"नवा होता साहेब. आमच्या देवानं आजून खाल्ला नसन तं..."

खोलीत हशा पिकला. आदिवासींच्या चालीरीतींवरचा धडा शिकवणारे प्राध्यापक सगळ्यांत मोठ्याने हसले. रेक्टरांना वाटलं, पोरगा आपली टर उडवतोय. त्यांनी हिशेब असा लावला की, ज्यांनी अळ्या पाहिल्या त्यांचा राग रास्त होता; पण भात चांगला आहे हे माहीत असून ज्याने ताट सारलं, तोच खरा चिथावणीखोर. वा रे न्याय! हरिदास दारातून ओरडला, "साहेब, तो खरं बोलते!" त्यावर "मग तू खोटं बोललास का?" असं रेक्टरांनी विचारलं, आणि तो दारातून मागे सरला. बाकीच्यांना समज देऊन सोडलं. सुकलूची खाट गेली.

गावात पोचला तेव्हा माय, बुधरीबाई, चुलीपाशी होती. लेकाला पाहून तिला काय करू नि काय नको असं झालं. तिने लगोलग ताट वाढलं. भात नवाच होता.

"नवं झालं का माय?"

"कवाच झालं," माय म्हणाली.

इतक्यात पोरगा आल्याचं ऐकून झिंगू गायता अंगणात येऊन टेकला. सुकलू त्याला म्हणाला, "बाबा, म्या तिथी नव्याले हात नाई लावला. उपाशी राह्यलो, पन नाई लावला."

म्हातारा गोंधळून त्याच्याकडे बघू लागला. "काऊन रे? तू कालेजात गेला तवाच म्या देवाले सांगतलं ना. पोरगा परक्या गावात हाय, ताटात पडन ते खाईन, त्याच्यावर रागावू नोको म्हनलं. तुया मायनं कोंबडं देल्लं त्याच्यासाठी. देवानं तुले तवाच मोकळं केलं."

"तुले म्हाईत नोहोतं का?" मायने विचारलं. सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुकलूने घास घेतला. भात गोड होता.

"किती दिसाची सुट्टी हाय बाबू?" मायने विचारलं.

"आता इथीच राहतो माय," तो म्हणाला.

मायला आनंद झाला, आणि तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.