एक वाजून बेचाळीस

चिखल अजून ओला दिसत होता—चलनावरच्या त्या बोटभर फोटोत, सकूच्या पोटऱ्यांवर. फोटो मागून काढलेला. मोटारसायकलचा नंबर तेवढा स्वच्छ, बाकी सगळं पुसट... त्याच्या पाठीवर कललेलं तिचं डोकं, दोघांच्या कमरेभोवती आवळलेला टॉवेल, आणि त्याच्या शर्टाशी तिचा हात. शर्ट धरलेला, की नुसता टेकलेला? वाल्मिकने कागद डोळ्यांजवळ नेला. शहापूर, हमरस्ता, दुपारी एक बेचाळीस, वेगमर्यादेचं उल्लंघन. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, वाटेतच गेल्या. वाटेत म्हणजे कुठे—या कॅमेऱ्याच्या अलीकडे, की पलीकडे?

“माफीचा अर्ज लिवलात काय, बाबा?” मुरबाडला दिलेली त्याची लेक कुणाली, आईच्या दिवसांसाठी आलेली, भाजी निवडता निवडता म्हणाली. “आजची शेवटची तारीख हाय. मी फोनवरनं पाठवते. आईसाठी पळवलीत गाडी, त्याचा दंड कसला? नायतर तुमी कदी चाळीसच्या वर जाता! आई म्हणायचीच, यांच्या मागं बसण्यापरीस चालत गेले तर आधी पोचेन.”

ती हसली, आणि मग हसू तोंडावर तसंच राहिलं.

त्याने लिहिलं होतं: ‘माझी पत्नी सकुबाई हिच्या छातीत दुखू लागल्याने मी तिला तात्काळ दवाखान्यात नेत होतो.’

तात्काळ.

आवणीचा, भातलावणीचा दिवस होता. गावच्या बारा बायका आज त्याच्या खाचरात, उद्या कोंडूच्या, परवा चांगोच्या. आपली पाळी अर्धवट राहिली तर सगळ्यांची आवणी उरकेपर्यंत रोपं पिवळी पडायची. अकराच्या सुमाराला सकू कंबर धरून उभी राहिली. “छातीत कसंसंच होतंय वो.” आणि मी—मीच म्हणालो, “एवढं खाचर होऊ दे गो, मंग बस.” बायकांतली जना ओरडली, “मालकीणबाईंना सावली पायजे!” बायका हसल्या, सकूही हसली, वाकली, आणि हातातली रोपांची मूठ सोडून लावू लागली... पाऊण तास, तास, त्याहून जास्त. खाचर पुरं झालं. मग ती बांधावर बसली, आणि पुन्हा उठली नाही.

घाईचा फोटो निघाला होता. अकरा ते एकचा कुणाकडेच नव्हता.

अर्ज मान्य झाला तर कुठलासा साहेब, ज्याने सकूला कधी पाहिलं नाही, शिक्क्यानिशी कळवेल की या माणसाचा दोष नव्हता. कुणाली तो कागद जपून ठेवेल, येईल त्याला दाखवेल... सकाळपासून त्याला हा दंड नको होता. आता त्या माफीचीच भीती वाटू लागली.

“आईला कवापासून दुखत होतं, ती वेळ पण टाका,” कुणाली म्हणाली. “आणि एकदा वाचून दाखवा, मंग पाठवते.”

त्याने घसा साफ केला. ‘माझी पत्नी सकुबाई’ इथपर्यंत आवाज नीट निघाला. लेक हातातली भाजी तशीच धरून ऐकत होती, आणि तो एकेक शब्द सावकाश, चाळीसच्या आत, पुढे सरकत होता—त्या एका शब्दाकडे.