मागच्या सीटवरून

दारावरची घंटा वाजली तेव्हा आर्विड स्टेन्सरुड कोट, मफलर, टोपी आणि हातमोजे चढवून दाराच्या अलीकडेच उभा होता. तरी घाई दिसू नये म्हणून तो जरा थांबला, दोनदा खाकरला आणि मग त्याने दार उघडलं.

बाहेर बर्फात मारिसोल उभी होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट पोचवून आणणाऱ्या संस्थेची ही ड्रायव्हर.

"चला आजोबा. आजींकडे जायचं ना?"

"नको नको," आर्विड म्हणाला. "एवढ्या थंडीत उगाच तुला कशाला त्रास."

मिनेसोटात असंच म्हणायचं असतं. कॉफी असो, केक असो, नाहीतर बुडताना कुणी पुढे केलेला हात असो. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, आणि तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणतेसच तर'. समोरच्यानेही तीनदा विचारायचं असतं. पण मारिसोल पडली टेक्सासची. मागच्या दोन्ही रविवारी ती पहिल्याच नकोला "बरं" म्हणून निघून गेली होती, आणि आर्विड घरात कोट घालून खिडकीतून गाडीकडे बघत राहिला होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

त्यात ती गाडी त्याचीच होती.

पानगळीच्या दिवसांत त्याने शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली होती. पेटीच रस्त्यात आली होती असं त्याचं म्हणणं, पण डोळ्यांच्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं. मुलगी सोन्या म्हणाली, "बाबा, आता पुरे. गाडी दान करून टाका." त्याने दिली. दानात आलेल्या गाड्या बहुतेक लिलावात जातात, तिथून भंगारात, असं त्याने ऐकलं होतं, म्हणून त्या दिवशी तो जेवला नाही. पण त्याची तपकिरी गाडी धडधाकट निघाली आणि संस्थेने ती स्वतःच्याच कामाला ठेवली. आभाराचं पत्र आलं. तुमच्या देणगीने एका गरजू माणसाची सोय होईल, असं त्यात होतं. ते त्याने मोठ्या ऐटीत फ्रिजवर लावलं. तो गरजू आपणच असू, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे व्हर्नाला, त्याच्या बायकोला, यातलं काही ठाऊक नव्हतं. खुब्याचं हाड मोडून ती शेजारच्या गावातल्या शुश्रूषागृहात पडली होती. फोनवर त्याने आधी बॅटरी उतरल्याचं सांगितलं, मग रस्ते निसरडे झाल्याचं. घरात तिच्या खुर्चीकडे बघवेना म्हणून तो हल्ली उभ्यानेच जेवत होता.

"चला हो," मारिसोल पुन्हा म्हणाली. आज ती हलली नव्हती.

"नको गं. तुला दुसरी कामं असतील."

"नाहीत. येताय ना?"

"बरं, एवढं म्हणतेसच तर," असं म्हणून होईपर्यंत आर्विड शेवटच्या पायरीवर पोचला होता.

संस्थेच्या नियमाप्रमाणे त्याला मागे बसावं लागलं. स्वतःच्या गाडीत तो मागे कधी बसलाच नव्हता. ती जागा व्हर्नाची. मुलं मोठी होऊन गेल्यापासून ती हट्टाने मागेच बसायची. पुढे बसलं की समोरचं सगळं दिसतं, आणि तू चालवत असताना मला ते बघवत नाही, असं तिचं म्हणणं.

"थंडी वाजतेय का? हा हीटर मेला चालतच नाही," मारिसोल म्हणाली.

"रेडिओच्या खाली एक थाप मार."

तिने मारली. भसकन गरम हवा आली.

"तुम्हाला काय माहीत?"

"जुन्या गाड्या अशाच असतात."

"कोण म्हातारा होता हिचा मालक देव जाणे. सीटखाली नुसते पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद. मी काढतेय आणि निघतायत."

आर्विडने तोंडातली गोळी हळूच गालात सरकवली. गाडी माझी म्हणावं तर दानाची बढाई मारल्यासारखं होतं, आणि दिलेल्या गाडीत स्वतःच बसलोय हे सांगणं त्याहून वाईट.

"समोर ट्रक आहे," तो म्हणाला.

"दिसला."

"पुढे वळण आहे. तिथे बर्फ साचतं."

"हम्म," मारिसोल म्हणाली.

तो हम्म आर्विडच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तोच म्हणत आला होता. मागच्या सीटवर तो कसा ऐकू येतो, हे त्याला आज कळलं.

शुश्रूषागृह दिसलं तसं त्याच्या मनात चांदणं पडू लागलं. पण व्हर्नाची खिडकी गाड्या लावायच्या जागेवरच उघडायची, आणि मागच्या सीटवरून उतरताना तिने बघायला नको होतं.

"त्या कचरापेटीमागे लाव," तो म्हणाला. "मी चालत जाईन. पाय मोकळे होतात."

"बर्फात? पडाल कुठेतरी." मारिसोलने गाडी थेट खिडकीखाली आणली आणि उतरून मागचं दार उघडून धरलं. आर्विड बाहेर आला. काचेपलीकडे वॉकर धरून व्हर्ना उभी होती.

खोलीत तिने आधी त्याचा मफलर सरळ केला.

"झाली वाटतं बॅटरी ठीक," ती म्हणाली.

"हो."

"आणि ही कोण? नवी बॅटरी?"

आर्विड टोपी हातात फिरवत राहिला. व्हर्ना मारिसोलकडे वळली. "कितीदा नको म्हणाला?"

"दोनदाच. तिसऱ्यांदा निघाले. तुम्ही फोनवर सांगितलंत तस्संच. नाहीतर मला वाटायचं, यांना यायचंच नाहीये."

"कोट घातलेला होता?"

"टोपीसकट."

आर्विडने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "तू फोन केलास?"

"मग काय करणार? सोन्याने गाडी गेली त्याच दिवशी सांगितलं. टपालपेटीचंही. म्हटलं, आपणहून सांगशील. वाट बघून बघून कंटाळले, आर्विड."

तो तिच्या पलंगाच्या कडेवर बसला. तिची किती आठवण यायची, ते उभ्यानं जेवणं, सगळं सांगायचं होतं. तोंडातून वेगळंच आलं.

"मागूनही सगळं दिसतं गं."

"दिसतं ना?" व्हर्ना म्हणाली आणि त्याचा हात धरून बसली.

मारिसोलने कॉफी आणली. लिंबाच्या वड्या झाल्या. अंधारून आलं तशी ती उठली.

"पुढच्या रविवारी येऊ ना आजोबा?"

नको त्याच्या जिभेवर आलंच होतं. व्हर्ना बघत होती.

"ये," आर्विड म्हणाला. "पण त्या वळणावर जरा जपून."

"हम्म," मारिसोल म्हणाली.