भरलेली वर, रिकामी खाली

वर

भरलेली बादली वर जाते. वाळू, खडी, सिमेंट, पाणी, सगळं एकजीव, थंड, काठोकाठ. खालच्या पायरीवरून अब्दीयासबाबा ती माझ्या हातात देतात, मी कमरेतून वळते, वरच्या हातांत सोडते. सोडते तोवर दुसरी आलेली असते. विचार करायला वेळ नाही. नाक खाजवायला वेळ नाही. अख्खी टेकडी जिन्यावर उभी आहे!

माझं नाव इवोनेत. आमच्या पितोम्बा टेकडीच्या जिन्याला मध्येच एक वळण आहे, आणि वळणावर माझं घर आहे, म्हणून माझी जागा वळणावर. खालच्यांना वरचं दिसत नाही, वरच्यांना खालचं. मिक्सर घरघरत असला की ऐकूही येत नाही. मला मात्र दोन्हीकडचं दिसतं. दोन्हीकडचं ऐकू येतं.

वर जुसिनेइदी. खाली क्लाउदिओनोर.

खाली

रिकामी बादली खाली येते आणि बादलीबरोबर निरोप येतो.

"इवोनेत, त्याला म्हणावं, बादल्या अर्ध्या का येतायत? पलीकडच्या मैदानात बॉल लाथाडून दमलास का रे?"

मी खाली वाकून, मोठ्या माणसाला लावायचं ‘सेउ’ लावून सांगितलं, "सेउ क्लाउदिओनोर, जुसिनेइदी म्हणतेय, जमलं तर जरा भरून पाठवा."

अब्दीयासबाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या एकच पायरी खाली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कान सशासारखे.

"असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"साधारण," मी म्हटलं.

वर

साधारण काय झालं ते दोन बादल्यांच्या मधल्या वेळात सांगते.

जुसिनेइदी टेकडीवरची कच्चीबच्ची सांभाळते. पहाटे आया समुद्राकाठच्या उंच इमारतींत धुणीभांडी करायला उतरतात, त्याआधी पोरं तिच्याकडे. जमलं तर काही देतात, नाही जमलं तर एक पपई देतात. आजवर हे सगळं भाड्याच्या एका खोलीत चाललं. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेर खोली रिकामी हवी. जिन्याच्या टोकाला टेकडीने मिळून चार भिंती उभ्या केल्या. राहिला स्लॅब. स्लॅब टाकला की खालचे टेकू काही आठवडे काढता येत नाहीत, म्हणून टाकायचा तर याच रविवारी. पुढच्या रविवारी टाकला तर पोरं रस्त्यावर आणि आया घरात. इतकं सरळ आहे.

आणि क्लाउदिओनोर? तो आमच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. कपडे बदलायच्या खोलीवर स्लॅब टाकायचा म्हणून त्याने सोडती काढल्या, बिंगो खेळवले, गोण्या जमवल्या. त्यानेही हाच रविवार धरला.

आमच्याकडे शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. "येतो ना! काळजीच करू नकोस!" असं म्हणतात. टेकडीने जुसिनेइदीला म्हटलं, येतो ना. टेकडीने क्लाउदिओनोरला म्हटलं, येतो ना. मीही म्हटलं. दोघांनाही. मिक्सरवाल्यानेही म्हटलं.

खाली

"वाकून उभी राहू नको गं, कंबर मोडेल!"

"तुझी बादली सांभाळ, माझी कंबर माझा नवरा सांभाळतो."

"कुठे आहे तो?"

"खाली. वाळू चाळतोय. तुझाही तिथेच आहे, झोपलाय गोण्यांवर."

जिन्यावरून हसू उतरत गेलं, पायरीपायरीने, रिकाम्या बादलीच्याही पुढे.

वर

सकाळी मिक्सर आला तेव्हा रस्त्याच्या एका कडेला जुसिनेइदीचा वाळूचा ढीग, दुसऱ्या कडेला क्लाउदिओनोरचा. ट्रकवाला मधोमध थांबला.

"कुठे उतरवू?"

"इथे!" दोघंही.

सगळी टेकडी हातात बादल्या घेऊन मध्ये उभी. कोणीही पाय हलवेना. सगळे चपलांकडे बघत होते. दोघांना शब्द दिलेला, आणि दोघंही समोर!

"पोरी, क्लबला पुढच्या महिन्यात सामने आहेत," क्लाउदिओनोर म्हणाला.

"माझ्याकडे रोज सामने असतात," जुसिनेइदी म्हणाली. "लंगोटांचे."

"मी आधी सांगितलंय लोकांना!"

"बारमध्ये सांगितलंत. तिथे कुणी ऐकतं का?"

लोक हसत होते, आणि या गडबडीत जुसिनेइदीने माझ्या कानात, जिवाभावाच्या मैत्रिणीला हाक मारावी तसं म्हटलं, "कोमाद्रे, फावडं घे."

आमच्या टेकडीचा एकच कायदा आहे, तो कुठे लिहिलेला नाही. सुरू झालेला स्लॅब कुणी अर्धा सोडायचा नाही. लग्नं मोडली आमच्याकडे, सुरू झालेला स्लॅब कधी मोडला नाही. काँक्रीट एकदा फळ्यांवर पडलं की ते ज्याचं असेल त्याचे सगळे हात.

म्हणून आम्ही बायकांनी फुटपाथवरच कालवलं. हाताने! वाळूत आळं केलं, सिमेंट ओतलं, पाणी सोडलं, फावड्यांनी उलटंपालटं केलं. एक बादली भरली. ती बादली घेऊन जुसिनेइदी जिन्यावरून पळत सुटली.

क्लाउदिओनोरला उशिरा कळलं. "अगं ए! ए बाई! धरा तिला!"

कोण धरणार? सगळे बघत राहिले. मी मागे पळत होते, धाप लागून मरते की काय असं वाटत होतं, आणि हसूही आवरत नव्हतं. वर मिस्त्री बिउ फळ्यांवर उकिडवा बसून सिगारेट ओढत होता. जुसिनेइदीने बादली त्याच्या पायाशी पालथी केली.

बिउने काँक्रीटकडे पाहिलं. सिगारेट विझवली. उठून दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खालपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला:

"पडलाऽऽ!"

संपलं. मिक्सर जुसिनेइदीच्या ढिगाशी उतरला. लोक जिन्यावर चढून आपापली पायरी धरू लागले. सगळ्यांचे चेहरे मोकळे झालेले, कुणाला नाही म्हणावं लागलं नव्हतं.

खाली

"ही फसवणूक आहे!" क्लाउदिओनोर मिक्सरमध्ये वाळू टाकता टाकता ओरडत होता. हो, टाकत होता. कायदा त्यालाही लागू. "तिला सांग इवोनेत, हा फाउल आहे! सरळ लाल कार्ड!"

मी वर सांगितलं, "क्लाउदिओनोर विचारतोय, माल घट्ट हवा की पातळ?"

"घट्ट!" जुसिनेइदी म्हणाली. मग, "असं विचारलं त्याने? त्याने?"

"उन्हाने डोकं तापलंय त्याचं."

वर

दुपारपर्यंत आम्ही उडत होतो. दुसरा शब्द नाही. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला घेतला आणि बादल्या त्या ठेक्यावर चालू लागल्या. हात, वळण, हात. माझ्या खांद्यांना माझं नाव आठवत नव्हतं. माझ्या घरातून घेवड्याचा, खारवलेल्या मांसाचा वास येत होता, मोठं पातेलं शेजारणीने चुलीवर ठेवलं होतं, आणि स्लॅब भरेपर्यंत झाकण काढायचं नाही असा तिला दम दिलेला. वरून निरोप आला, अर्धा झाला! मग, अर्ध्याहून जास्त! मग, खिडकीवरचा भाग झाला! प्रत्येक निरोपाला जिना ओरडायचा. मी एकटीच दोन्ही तोंडांनी ओरडत होते, एकदा वर, एकदा खाली.

मग खालून भरलेली बादली आली नाही.

वळण

माझे हात पसरलेले. अब्दीयासबाबांचे हात पसरलेले. त्यांच्या खालचेही. रिकामे.

"सिमेंट संपलं," खालून आलं.

"कसं संपलं?" वरून.

बिउने सांगितलं कसं ते. मधल्या फळ्या भाराने बसल्या होत्या, तिथे स्लॅब जाड झाला, त्याने जास्त माल गिळला. चूक माझी, म्हणाला, मघाशी पाहायला हवं होतं. टेकू मारून आता पक्कं केलंय. पण कोपरा राहिलाय. पाळणे ठेवायचा कोपरा. कड वाळायला लागलीय. आत्ता भरला तर एक स्लॅब. उद्या भरला तर सांधा राहणार, आणि पहिल्या पावसात पाणी थेट पोरांच्या तोंडावर.

रविवार. दुकानं बंद. सिमेंट टेकडीवर एकाच ठिकाणी होतं. रस्त्यापलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली, क्लबचं.

आणि कायद्यात हात येतात. गोण्या येत नाहीत.

खाली

"माग त्याच्याकडे," मी जुसिनेइदीला म्हटलं. ती वळणापर्यंत उतरून आली होती. पापण्यांपर्यंत सिमेंट.

"मी? सकाळी त्याला सगळ्यांसमोर बनवलं, आता त्याच्याच गोण्या मागू? तो मला वर्षभर ऐकवेल."

"पोरं भिजतील."

"मला माहितीय पोरं भिजतील!" तिचा आवाज फाटला. "पण माझ्या तोंडातून निघतच नाहीये, इवोनेत. सांग त्याला... काही सांगू नकोस. बघते मी काहीतरी." आणि ती परत वर गेली, कड ओली ठेवायला, ओंजळीने पाणी शिंपडायला.

मी खाली वाकले. क्लाउदिओनोर जिन्याच्या पायथ्याशी फावड्यावर रेलून उभा होता.

"काय म्हणतेय?" त्याने विचारलं. "मागतेय का? मागू दे. एकदा मागू दे तोंडाने. मी नाही म्हणणारा माणूस नाही. पण न मागता देणारा गाढवही नाही."

मिक्सर रिकामाच फिरत होता. डब्याचा ठेका थांबला होता. वर कड वाळत होती.

मी एक श्वास घेतला.

"मागतेय," मी म्हटलं.

वर

"क्लाउदिओनोर देतोय!" मी वर ओरडले. "म्हणाला, पोरांसाठी काय विचारायचं त्यात!"

अब्दीयासबाबांनी सावकाश मान वळवली. त्यांनी दोन्ही ऐकलं होतं. "इवोनेत पोरी," ते हळूच म्हणाले, "तू नरकात जाणार."

"वळणावरची जागा द्या म्हणेन तिथेही. बादली धरा, बाबा!"

ताडपत्री उडाली! माणसं गोण्या खांद्यावर टाकून रस्ता ओलांडू लागली, मिक्सरचा घसा भरला, डबा पुन्हा वाजायला लागला, आधीपेक्षा जलद. आणि पहिली भरलेली बादली आली, पण हातोहात नाही. ती क्लाउदिओनोरच्या खांद्यावर होती. तो स्वतः जिना चढत होता, ओळीच्या कडेकडेने.

"कुठे निघालात?" मी वाट अडवली.

"वर. मागतेय म्हणतेस ना? मला तिच्या तोंडून ऐकायचंय. समोरासमोर."

"अहो, बादली इकडे द्या, ओळ मोडते..."

"सर बाजूला."

मी सरले. मग माझी जागा शेजारणीकडे टाकून त्याच्या मागे पळाले. आयुष्यात दुसऱ्यांदा, त्याच दिवशी, त्याच जिन्यावर.

वर जुसिनेइदी स्लॅबच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती, हात पाण्याने निथळत. तिने त्याला पाहिलं, खांद्यावरची बादली पाहिली. तो कोपऱ्याशी उभा राहिला. ओतेना.

"काय गं," तो म्हणाला. "मागितलंस म्हणे."

तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. बिउ थापी धरून थिजलेला. कडेचा रंग डोळ्यांदेखत फिका होत होता.

जुसिनेइदी उठली. हात स्कर्टला पुसले, त्याने काही फरक पडला नाही.

"मागितलं," ती म्हणाली. "मागतेय. सकाळी विचारायला हवं होतं, ते सोडून मी पळाले. भीती वाटली, तुम्ही नाही म्हणाल म्हणून. द्या, सेउ क्लाउदिओनोर. माझ्याकडे दुसरं छप्पर नाही."

मला वाटलं आता भाषण देणार, त्याला भाषणं आवडतात, क्लबात कप आणला की तासभर सोडत नाही. पण त्याने खांदा झुकवला आणि माल कोपऱ्यात धपकन पडला. सिमेंटचे शिंतोडे तिच्या नाकावर, त्याच्या मिशीवर.

"पळतेस मात्र छान," तो म्हणाला. "डाव्या बाजूने खेळवायला हवी होती तुला."

मग बिउ त्याच्यावर ओरडला, "अध्यक्ष, बूट! माझ्या स्लॅबवरून बूट काढा!" आणि मग बादल्या आल्या, आणि आल्या, आणि आल्या. जुसिनेइदी हातांनीच माल कोपऱ्यात दाबत होती, बिउ लाकडी रंधा ओढून माल सपाट करत होता, क्लाउदिओनोर अनवाणी उभा राहून बादल्या झेलत होता आणि प्रत्येकीला शिव्या घालत होता. नवा माल जुन्यात मिसळला. जुनी कड कुठे होती ते शोधून सापडेना.

बिउने शेवटचा हात फिरवला. कान फळ्यांना लावला. टेकू करकरले नाहीत.

"एकच आहे," तो म्हणाला. "सांधा नाही."

खाली

खाली कुणीतरी मिक्सर बंद केला. दिवसभरात पहिल्यांदा इतकं शांत झालं की वरचं थेट खाली ऐकू जायला लागलं. क्लाउदिओनोर कठड्यावर चढून पायथ्याशी उभ्या माणसांना ओरडला, "पुढचा रविवार क्लबचा! ऐकलंत? गोण्या सगळ्यांनी मिळून भरून द्यायच्या!"

"येतो ना!" खालून आवाज आले. खूप आवाज.

"काळजीच करू नका!"

"आधी सांगा, त्या दिवशी दुसरं कुणाचं काही आहे का!" जुसिनेइदी त्याच्या शेजारून ओरडली. "आत्ता सांगा! तोंडावर सांगा!"

खाली जरा कुजबुज झाली. मग एक बारीक आवाज आला, "माझ्या बहिणीच्या मोरीचा स्लॅब आहे."

"अरे देवा!" क्लाउदिओनोर म्हणाला.

आणि वरून ते दोघं, खालून बाकीचे, थेट एकमेकांशी भांडायला लागले. मधे कुणाची गरज उरली नव्हती. मी आपली वळणावर जाऊन पायरीवर बसले आणि अब्दीयासबाबांना म्हटलं, जरा पाणी द्या हो, घसा गेला माझा.