बापूचे बन

"ताई, तुम्ही हात मागे घेऊन बसा बघू. नाहीतर ते तुमचेच बन होतील," स्वयंपाकीण म्हणाली.

बापूच्या आईने कणकेकडे गेलेला हात ओढून घेतला आणि ती स्टुलावर बसली. जन्मभर शिलाईमशीन चालवलेली बाई ती. दुसरं कुणी राबत असताना नुसतं बघत बसायची तिला सवयच नव्हती.

बापू तिचा मुलगा. वय बेचाळीस, समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. लहानपणी चेहरा फार पोक्त दिसायचा, म्हणून वडिलांनी थट्टेने 'बापू' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. वडील गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून घरात ही दोघंच. महिन्यापूर्वी तिने त्याला या संस्थेत आणून ठेवलं. इथे अशा चाळीसजणांना सांभाळत. तिच्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं, आणि मुदतही. बापूला एवढंच ठाऊक होतं, की आई आता बुधवारी येते.

अडलं ते दुपारच्या जेवणावर. बापूला हॉटडॉग लागे. आतलं सॉसेज कुठलंही चाले, बन मात्र आईने भाजलेला हवा. विकतचा पुढे आला की तो ताट सरकवून देई आणि मग दिवसभर कशालाच तोंड लावत नसे. पंधरा दिवसांत त्याची विजार कमरेत सैल झाली. आईने ती चिमटीत धरून पाहिली. किती इंच, ते तिला टेप न लावता कळलं. त्याच पावली ती स्वयंपाकघरात गेली होती.

स्वयंपाकीण आधी फणकारली. "चाळीस पोटं आहेत माझ्या गळ्यात. एकाचे लाड करायचे, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"लाड नाहीत हो. उपाशी राहतोय तो."

स्वयंपाकीण पातेल्याकडे वळली. पण पुढच्या बुधवारी ओट्यावर यीस्टचं पाकीट आणि लोण्याची वडी मांडून ठेवलेली होती.

पहिल्या खेपेचे बन फुगलेच नाहीत. "हा कुणाला फेकून मारला तर पोलीस येतील," स्वयंपाकीण स्वतःच म्हणाली. दुसऱ्या खेपेला दिसायला देखणे झाले, पण तिने ते लांब लांब मांडून भाजले होते. चहूबाजूंनी कडक झाले. बापूने एकाच घासात तोंड फिरवलं.

"खेटून ठेवायचे," आईने सांगितलं. "भाजल्यावर एकमेकांपासून सोडवले, की बाजू पांढरी, मऊ राहते. त्याला तीच लागते."

आज तिसरी खेप, आणि आज आईने बोट लावायचं नाही असं ठरलं होतं. स्वयंपाकिणीने कोमट दुधात यीस्ट भिजवलं, पीठ मळलं. ते हाताला चिकटत होतं. "वरून पीठ घालू नका" हे शब्द आईच्या ओठांवर आले, पण तिने ते गिळले. स्वयंपाकिणीने घातलंही नाही. मळत राहिली. पीठ फुगून दुप्पट झालं तसे तिने वीतभर लांबीचे गोळे वळले, ट्रेमध्ये खेटून मांडले, वरून दुधाचा हात फिरवला.

"सांगा ना काहीतरी," ती मध्येच म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"सांगण्यासारखं काही राहिलं नाही," आई म्हणाली.

जेवणघरात आई बापूच्या समोर बसली. स्वयंपाकीण दाराशी उभी राहून हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते. बापूने बनची पांढरी बाजू बोटाने दाबून पाहिली. मग खाल्ला. सगळा खाल्ला, आणि दुसरा मागितला.

"कुणी केला रे बापू?" आईने विचारलं.

"आईने," तो म्हणाला. नजर ताटातच होती.

आईने मान हलवली. हेच तर तिला हवं होतं. तरी त्याला फरक कळेल, निदान एकदा तरी मान वर करून तो आपल्याकडे बघेल, अशी वेडी आशा आपण धरून होतो, हे तिला तेव्हाच उमगलं.

"निघते रे," ती म्हणाली. बापूने खाता खाता हात हलवला.

फाटकापर्यंत स्वयंपाकीण सोबत आली. कागदात गुंडाळलेला एक बन तिने आईच्या हातात ठेवला. "तुम्ही चाखून बघा. काही कमीजास्त असेल तर उद्या फोन करा. मला राग नाही यायचा."

बस थांब्यावर बाकावर बसून आईने बन मोडला. हल्ली तिला अन्न जात नसे. तिने बारीक घास घेतला. मीठ किंचित जास्त झालं होतं. घरी गेल्यावर कळवावं असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, राहू दे. त्याने दोन खाल्ले. आता त्याला याच चवीची सवय व्हायला हवी.

बस आली, थांबली आणि निघून गेली. ती उठली नाही. कागद मांडीवर पसरून ती तो बन सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खात राहिली.